लोसालिनेच्या भावाचा मान

टोंगाच्या हाअपाई बेटांवरील आमच्या गावात लोसालिने एकटी चालताना क्वचितच दिसे. तिच्या पाठीवर तिचा धाकटा भाऊ फिनेआसी असे. त्याचे दोन्ही पाय जन्मापासून लुळे होते. तो लहान असतानाच आई वारली, आणि आई जे करीत असे ते सर्व लोसालिनेने आपल्याकडे घेतले. सकाळी त्याला न्हाणीपर्यंत नेणे, अंघोळ घालणे, कपडे चढवणे, रिवाजाप्रमाणे कमरेला चटई गुंडाळून ओसरीवर बसवणे आणि रविवारी चर्चमध्ये नेणे, ही तिची कामे होती. पुढे फिनेआसी अंगापिंडाने चांगला भरला. घरात तो हातांवर चालत असल्यामुळे त्याचे दंड वल्हे मारणाऱ्या माणसासारखे झाले. लोसालिनेची कंबर मात्र वाकत गेली.

मी तिची शेजारीण. आम्ही दोघी एकाच ओंडक्यावर झाडाच्या सालीचे कापड कुटत असू. बाहेरगावची कोणी पाहुणी येऊन बसली की आमच्यापैकी एखादी म्हणे, "ही आमची लोसालिने. भावासाठी लग्नसुद्धा केलं नाही हिनं."

लोसालिने मान खाली घालीत असे, परंतु तिची मोगरी त्या वेळी जरा जोरात पडू लागे.

"काय करणार बाई," ती म्हणे. "माझ्याशिवाय त्याला कोण उचलणार?"

खरे पाहता उचलणारा होता. उहीला नावाचा कोळी आमच्याच वाटेवर राहत असे. फिनेआसी त्याची जाळी दुरुस्त करून देई, आणि त्या दोघांची चांगली मैत्री होती. एकदा उहीलाने माझ्यासमोरच तिला विचारले होते, "लोसालिने, अंघोळीला मी नेत जाऊ का त्याला? माझं काय जातंय?"

"तुला जमायचं नाही," ती म्हणाली. "मासा आहे का तो, खांद्यावर टाकून न्यायला?"

उहीला हसला आणि निघून गेला. फिनेआसी ओसरीवर बसून हे ऐकत होता. त्याने जाळ्यातून मान वर केली नाही.

आमच्याकडे मुलगा वयात आला की तो बहिणीच्या छपराखाली झोपत नाही. बहीण आत आली की भाऊ उठून बाहेर जातो, आणि काही सांगायचेच झाले तर तिसऱ्याकरवी सांगतो. तिच्यासमोर तो चावट बोलत नाही, आणि दुसऱ्यालाही बोलू देत नाही. हा बहिणीचा मान आहे, आणि जो तो राखतो त्यालाच गाव पुरुष समजते. फिनेआसीच्या बाबतीत आम्ही सर्वांनी हा नियम बाजूला ठेवला होता. बिचाऱ्याला बहिणीशिवाय दुसरे कोण आहे, असे आम्ही म्हणत असू. त्या बिचाऱ्याला काय वाटते, असे कोणी विचारले नव्हते.

त्या शनिवारी वारा फार होता, म्हणून होड्या वाळूवरच राहिल्या. दुपारी रिकामे बसलेले पुरुष कावा, म्हणजे मुळीच्या पुडीचे गुंगी आणणारे पेय, पिण्यासाठी जमले, आणि उहीलाच्या सांगण्यावरून ते फिनेआसीच्या ओसरीवर आले. आजवर त्याच्या ओसरीवर असे कोणी बसले नव्हते. फिनेआसीने स्वच्छ सदरा मागून घेतला होता. गोल करून सर्व बसले, मधे लाकडी काठवट ठेवली, मुळीची पूड आली, पाणीही आले. केवळ कावा ढवळून देणारी मुलगी आली नाही. तिची दाढ सुजली होती, असे मागाहून कळले.

वाट पाहून सर्व कंटाळले. तेवढ्यात लोसालिने स्वयंपाकाच्या खोपटातून हात पुसत बाहेर आली आणि काठवटीपाशी बसली.

"किती वेळ सुके बसणार? द्या इकडे, मी ढवळते."

तिने पूड पाण्यात टाकून हात घातलेही. ज्या मुलीचा भाऊ गोलात बसला आहे ती मुलगी त्या काठवटीशी कधीही बसत नाही. तेथे थट्टा चालते, ढवळणारीचीही थट्टा होते, आणि भावाने ती ऐकावयाची नसते. हे आमच्या लेकरांनाही ठाऊक आहे. लोसालिनेलाही ठाऊक होते. परंतु तिने त्याच सकाळी फिनेआसीला न्हाऊ घातले होते, आणि तो तेथे इतरांसारखा पुरुष म्हणून बसला आहे, हे तिच्या मनात आलेच नाही.

उहीला खाकरला. "लोसालिने, अगं, फिनेआसी बसलाय इथं."

"बसलाय म्हणजे? मीच बसवलंय त्याला!"

यावर गोलातला मानासे मोठ्याने हसला. मानासे हा मनाने वाईट नव्हे, परंतु त्याच्या जिभेला लगाम नाही. "बसू दे रे तिला! फिनेआसीचं काय, तो काय आपल्यात धरायचा? लोसालिने, असं ढवळ की या रंडक्या उहीलाला पुन्हा लग्नाची उबळ येईल. रात्री कडी न लावताच झोप हं!"

दोघे-तिघे हसले. लोसालिनेही सवयीने हसली.

फिनेआसीने आपली करवंटी चटईवर पालथी घातली. नंतर त्याने तळवे जमिनीवर टेकले, अंग उचलले आणि तो पायऱ्यांकडे निघाला. त्या पायऱ्या तो कधीही एकटा उतरला नव्हता.

लोसालिने धडपडत उठली. "अरे, थांब! पडशील. आले मी."

त्याने वळून पाहिले नाही. "उहीला," तो म्हणाला, "माझी बहीण इथं बसली आहे. मी बाहेर बसतो."

उहीला अर्धवट उठला होता. हे ऐकून तो पुन्हा खाली बसला आणि त्याने लोसालिनेला हाताने थांबवले. शेवटच्या पायरीवर फिनेआसीचा हात सटकला आणि कोपर सोलवटले. तसाच तो अंगणातून स्वतःला ओढत निरफणसाच्या झाडाखाली गेला आणि पाठ टेकून बसला. वाऱ्याने वाळू त्याच्या तोंडावर येत होती.

सर्वांत प्रथम मानासे उठला. तो झाडापाशी जाऊन जमिनीवर बसला आणि त्याने मान खाली घातली.

"चुकलं माझं, फिनेआसी. तुझ्या बहिणीसमोर मी तोंड सोडलं."

"पुन्हा सोडू नकोस," फिनेआसी म्हणाला.

"नाही सोडणार."

अशी क्षमा आमच्याकडे पुरुष पुरुषाची मागतो. नंतर एकेक करून सर्वच उठून झाडाखाली गेले, आणि ओसरीवर काठवटीपाशी लोसालिने एकटी राहिली. मी कुंपणापलीकडून हे सारे पाहत होते; आता कुंपणातून तिच्याकडे गेले. तिचे हात कोपरापर्यंत कावाच्या पाण्याने भिजलेले होते.

"त्याला न्हाऊ घालताना तो तोंड भिंतीकडे करतो," ती म्हणाली. "रोज. मला वाटायचं, साबण डोळ्यांत जातो म्हणून."

मी तिला हात पुसायला फडके दिले.

"उहीला केव्हाचा नेतो म्हणत होता. मीच नको म्हटलं. माझं नाव होतं ना गावात."

"तू दमली आहेस, लोसालिने."

"दमलेय तर. पण दमलेलीच सगळ्यांना आवडत होते."

संध्याकाळी पुरुष आपापल्या घरी परतले. फिनेआसी घरात यावयास तयार नव्हता. झाडाजवळ त्याची वेगळी झोपडी उभी राहीपर्यंत त्याने उहीलाकडे राहावे, असे त्या दोघांनी परस्पर ठरवले होते. उहीलाने त्याला पाठीवर घेतले. त्याची पकड चुकत होती आणि फिनेआसी एका बाजूला घसरत होता. डावा हात जरा खाली धर, हे लोसालिनेच्या ओठांवर आले होते, मला ते दिसले. ती माझ्याजवळ दाराच्या आत उभी राहिली आणि तिने चटई व पांघरूण बाहेर सरकवले.

"उहीला," ती जमिनीकडे पाहत म्हणाली, "विचार त्याला, उशी एक देऊ की दोन?"

फिनेआसीचा चेहरा उहीलाच्या कानालाच लागलेला होता. तरीही उहीलाने गंभीरपणे मान वळवून विचारले, "एक की दोन?"

"एक पुरे," फिनेआसी म्हणाला. "सांग तिला."

"एक पुरे म्हणतो."

लोसालिनेने एकच उशी दिली. ते दोघे वाटेला लागल्यावर तिने दार लोटले आणि कपडे न बदलता ती चटईवर आडवी झाली.

"जेवायला उठवू नकोस मला," तिने भिंतीकडे वळत मला सांगितले.