काकांची आंबट वेल

उभ्या लखनौत शेनिन ब्लाँ या पांढऱ्या द्राक्षाची बाजू घेऊन भांडणारा एकच माणूस आहे, आणि तो वाइनचा थेंबही पीत नाही. इंदिरा नगरात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे हे काका मूळचे नाशिकचे, रेल्वेतून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. नाशिकहून काडी आणून त्यांनी गच्चीवरच्या पिंपात ही वेल लावली. तिचं ते एखाद्या उपवर मुलीसारखं कौतुक करतात: पालवते सगळ्यांच्या आधी, पिकते सगळ्यांच्या शेवटी, साल नाजूक, पिकली की मधाचा वास आणि तरीही आंबटपणा कायम. सब्जीवाल्याने एकदा मणी चाखून तोंड वाकडं केलं. “अंकलजी, ये तो बहुत खट्टा है!” काका भडकले. “अरे भैया, यही तो इसकी ख़ासियत है!” नंतर आठवडाभर त्यांनी त्याच्याकडून भेंडीसुद्धा घेतली नाही.

पक्ष्यांपासून जपायला काकूंच्या विटलेल्या चिकनकारीच्या कुर्त्यांच्या पिशव्या शिवून त्यांनी घडांना चढवल्या. काकूंपासून जपायला मात्र उपाय नव्हता. “पिकतील तेव्हा पिकतील, आज आमटीत काय घालू?” म्हणत त्या दरवर्षी कच्चेच घड खुडायच्या. पिकलेला एक मणी खायचा, एवढीच काकांची इच्छा. ती कधी पुरी झाली नाही.

यंदा काकूंना टायफॉइड झाला. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. खिचडीचा घास तोंडातल्या तोंडात फिरायचा. दिवसेंदिवस त्या वाळत चालल्या आणि काका आमच्या जिन्यात नुसते बसून राहायचे. गच्चीवर घड पहिल्यांदाच भरत आले होते. एका दुपारी काकू पुटपुटल्या, “काहीतरी आंबट हवं होतं.”

काका कात्री घेऊन गच्चीवर गेले. मी स्टूल धरलं. “काका, थोडेच दिवस राहिलेत हो,” मी म्हटलं. “स्टूल नीट धर,” म्हणाले, आणि पिशव्या वर सरकवून एकूण एक घड कापला.

काकूंनी एक मणी तोंडात टाकला. डोळे गच्च मिटले, खांदे वर गेले. “अहो, किती आंबट!” म्हणाल्या आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.

“जातच तशी आहे,” काका म्हणाले. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

काकू आता पोळी खातात. वेलीवर त्या रिकाम्या पिशव्या अजून लटकताहेत. “काढून ठेवू का?” मी परवा विचारलं.

“राहू दे,” काका म्हणाले, “पुढच्या वर्षी लागतील.”