राक्षसाचं हसू

नानाखेड्याच्या मराठी मंडळात गणपतीच्या नाटकातला राक्षस म्हणजे दिलीप मुळ्ये, हे ठरलेलंच. बँकेत दिवसभर "बसा ना काकू, पासबुक लगेच करून देतो" असं लोणी लावून बोलणारा हा माणूस स्टेजवर हसला की पंख्याची पाती थरथरायची. पण यंदा पहिल्याच तालमीत त्याने छाती फुगवली, मान मागे टाकली आणि तोंडातून निघालं, "हिहिहि."

दिग्दर्शक गोपाळकृष्णकाकांनी चष्मा कपाळावर चढवला. "दिलीप, राक्षस आहेस बाबा! बघायला पाहुणे आलेत का तुला?"

सगळे खिदळले. दिलीप नाही, त्याचं तोंड उघडतच नव्हतं. दोन महिने पोह्यांवरची शेव झोंबत होती, आता घास चपटा करून आत सरकवावा लागत होता.

"राखीपर्यंत हसू परत आण," काका म्हणाले, "नाहीतर पराग राक्षस करेल."

परागचा आवाज म्हणजे कुकरची शिट्टी. हा अपमान शेवेपेक्षा जास्त झोंबला.

बायकोने, कल्पनाने, त्याला फ्रीगंजला दातांच्या डॉक्टर भार्गवीसमोर नेऊन बसवलं. "काका, तीन बोटं उभी धरून दातांमध्ये घाला," भार्गवी म्हणाली. दोन कशीबशी गेली, तिसरं बाहेरच.

"तंबाखू?"

"छे छे! आमच्या घरात तंबाखूला उंबरा ओलांडू देत नाही. आपली जेवणानंतर भाजकी सुपारी, बस्स."

"मग हे दिवसातून पंधरा वेळा जेवतात," कल्पना म्हणाली.

भार्गवीने त्याचा गाल आतून चाचपला. गाल कसला, ताणलेला कॅनव्हास.

"गालाच्या अस्तराखाली कोलॅजेनचे बारीक दोर असतात," ती सांगू लागली. "तिथल्या पेशी नवे दोर विणतात आणि जुने कापून गिळून टाकतात. दोन्ही कामं बरोबरीनं चालली की गाल लवचीक. सुपारीनं विणकाम वाढतं आणि कात्र्या बोथट होतात. दोर साचत जातात, तोंड मिटत जातं."

"म्हणजे कॅन्सर?" कल्पनाचा आवाज बारीक झाला.

"कॅन्सरचं उलटं. त्याच्या पेशींच्या कात्र्या फार धारदार. हेच दोर कापत त्या आत रस्ता काढतात. पण त्या उगवतात बरेचदा अशाच ताठ गालात. तुकडा काढून तपासू. आणि काका, सुपारी आजपासून बंद. हसू हवंय ना?"

रिपोर्ट आला त्या दिवशी दिलीपने पाकीट उघडलंच नाही, कल्पनाच्या हातात कोंबलं. कॅन्सर नव्हता. तिने तिथेच रिसेप्शनवर डोळे पुसले आणि लगेच नवऱ्याचा खिसा तपासला.

मग गालात इंजेक्शनं सुरू झाली. आइस्क्रीमच्या असतात तशा लाकडी पट्ट्या दातांमध्ये एकीवर एक रचून धरायच्या. घरात संवाद असे चालायचे:

"आअं अअआं?"

"चहा गॅसवर आहे. काढा आधी त्या काड्या."

पराग देवास गेटला भेटला की हमखास ओरडायचा, "काय भिया, कुल्फीचं दुकान टाकलंत का?" दिलीप आणखी एक पट्टी सरकवायचा.

खरी परीक्षा एका लग्नात झाली. पानाच्या तबकाशी बँकेतला प्रकाश लाडात आला. "घ्या ना मुळ्येसाहेब, सुपारीचा एक खडा. तंबाखू थोडीच आहे!"

दिलीप चपापला. शब्द त्याचे स्वतःचे, हेल त्याचा, 'थोडीच'वरचा झटकासुद्धा त्याचा. आपण बोलताना इतके मूर्ख दिसत होतो? त्याने चिमूटभर बडीशेप उचलली. "नाही भिया. या खड्याने फार दिवस माझं तोंड बंद ठेवलं."

राखीच्या आदल्या संध्याकाळी तालमीला अख्खं मंडळ जमलं. भार्गवीने सकाळीच तपासलं होतं: तिसरं बोट घासत का होईना, आत गेलं. "दोर सगळे जात नसतात. तपासणी कायमची," तिने बजावलं होतं.

परागने शिंगांचा मुकुट आधीच चढवून ठेवला होता. "हं, होऊ द्या," काका म्हणाले.

दिलीप मधोमध आला. मान मागे गेली. गाल ताणले, दुखले, आणखी ताणले.

"हाऽऽ हाऽऽ हाऽऽ हाऽऽ!"

खिडक्यांची तावदानं खणखणली. खालचा चौकीदार काठी घेऊन धावत वर आला. "क्या हुआ साब? कौन घुस गया?"

परागने मुकुट मुकाट्यानं काढला. "घ्या भिया. माझ्या कानांवर येत होता."

गोपाळकृष्णकाकांनी डोळ्यांवरचा चष्मा सावरला, घसा साफ केला. "जरा मोठं झालं, दिलीप."

कल्पना मागच्या खुर्चीवरून उठली. "मुळीच नाही! पुन्हा हसा हो!"

आणि तो हसला.