चारशे ओळींचा शहाणा

दुष्काळाच्या त्या वर्षांत शहराच्या छावणी भागातल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात एकच रजा विनाअर्ज मिळायची: नळाची. गल्लीतून फोन आला की माणूस हातातलं टाकून पळायचा. पाणी आठ दिवसांनी यायचं आणि शहर तर रोज एका नव्या कॉलनीनं फुगायचं.

अशात पुण्याहून एक शहाणा आमच्यात आला. मला तो पहिल्याच दिवशी आवडला नाही, हे सांगताना आजही मजा येते. लिहिलेल्या कोडचा चालता प्रोग्राम करायला, म्हणजे बिल्डला, माझी सहा ओळींची मेकफाइल होती. आधी हे कर, मग ते कर, संपलं. त्यानं ती वाचली, गटारीजवळून जाताना करतात तसं तोंड केलं आणि तिच्या जागी एक अवाढव्य टूल आणलं. त्याला नुसतं समजावायलाच चारशे ओळी!

"काका, जग पुढं गेलं," तो म्हणाला. मी तेव्हा अडतीस वर्षांचा होतो.

"जाऊ द्या. मला फक्त बजाजनगरपर्यंत जायचंय."

बजाजनगरात आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं, एक टँकरवाला. कुठला टँकर कुठल्या कॉलनीत जाणार, हे आमचा प्रोग्राम ठरवायचा. एका दुपारी त्याचा फोन आला. नवी कॉलनी टाकली की यादीच निघत नव्हती.

"भाई, पाचला गाड्या निघत्यात. तोवर नाय झालं, तर उद्यापासून दुसऱ्याचं सॉफ्टवेअर."

शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी चूक शोधून दुरुस्त केली. आता फक्त बिल्ड करून पाठवायचं होतं. शहाण्याची खुर्ची रिकामी! त्याच्याकडं नळ आला होता. फोन नुसता वाजत राहिला. बाईंनी त्याचं टूल स्वतःच्या मशीनवर चालवलं, तर ते शहाण्याच्या लॅपटॉपवरच्या कुठल्याशा फोल्डरसाठी अडून बसलं.

"तुमची मेकफाइल काढून टाकलीत?"

"तसा हुकूम होता," मी छताकडं बघत म्हणालो.

"नाटकं पुरे. चालवा."

मी बाह्या सावरल्या, खाकरलो आणि 'make' ही चार अक्षरं टाइप केली. अडलं! शहाण्यानं मधे एक नवी फाइल घुसडली होती. तिच्यासाठी सातवी ओळ लिहिली, पुन्हा चालवलं. पावणेपाचला प्रोग्राम गेला. पाचला पाच मिनिटं कमी असताना फोन आला, "निघाली यादी. ठेवा." धन्यवाद वगैरे काही नाही.

शहाणा परतला तो गुडघ्यापर्यंत भिजलेला. "पण हे स्टँडर्ड नाही," हे त्याचं पहिलं वाक्य.

"तुमच्या स्टँडर्डनं आज गिऱ्हाईक घालवलं असतं," मालक केबिनच्या दारातून म्हणाले. "उद्यापासून यांचीच फाइल. आत्ता समजून घ्या."

तो खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला. सातही ओळी वाचल्या. माउस खाली ओढला, वर ओढला, परत खाली.

"बाकीचं कुठंय?"

मी चहा मागवला. एकच.