वहाणा म्हणजे जॅंडल्स

आमच्या सासूबाईंना, म्हणजे दमयंतीबाईंना, कुठलीही गोष्ट अर्धवट कळलेली खपत नाही. पुण्यात चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होत्या. डॉक्टरांचं अगम्य अक्षर लावायची सवय न्यूझीलंडमधल्या अप्पर हटला आल्यावरही सुटलेली नाही. इथे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानालाच डेअरी म्हणतात. पहिल्याच आठवड्यात त्या आमच्या डेअरीवाल्याला विचारून आल्या, तुम्ही दुधापेक्षा पाव आणि गोळ्या-चॉकलेटंच जास्त विकता, मग ही डेअरी कसली? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दर रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर त्या चार मुलांना मराठी शिकवतात. त्यातली एक माझी ओवी, वय वर्षं नऊ. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. वर्गाचा नियम एकच: टेबलावर इंग्रजी चालणार नाही.

मे महिन्यात त्यांना दिसलं, की ओवीच्या मराठी पुस्तकात प्रत्येक अवघड शब्दावर पेन्सिलीने बारीक काहीतरी लिहिलंय. 'वहाणा'वर 'जॅंडल्स', म्हणजे इथल्या स्लिपर. 'पंचा'वर 'टॉवेल'. 'वाण्याचं दुकान'वर 'डेअरी'. इंग्रजी, पण देवनागरीत. सासूबाईंना वाटलं, ही कॉपी. त्यांनी खोडरबर घेतलं आणि सगळ्या मुलांदेखत चाळीस पानं पुसून काढली. मी स्वयंपाकघरात उभी होते. राग आला होता, पण त्यांच्या वर्गात लुडबुड कशाला, म्हणून गप्प बसले. तेच चुकलं माझं.

त्या दिवसापासून ओवी वर्गाला बसेना. एवढंच नाही, आजीशी बोलणंच बंद. शाळेतून आली की सरळ खोलीत. सासूबाई दुपारभर तिच्यासाठी थालीपीठ झाकून ठेवायच्या, आणि शेवटी ते गंधार, म्हणजे माझा नवरा, खायचा. "होईल गं ठीक," तो तोंडात घास असतानाच म्हणायचा. महिना झाला, दोन झाले. एक दिवस भांडी पुसता पुसता सासूबाई म्हणाल्या, "नात हातची गेली माझ्या." मी मनात म्हटलं, आता कळलं का? पण वाईटही वाटलं. या देशात दिवसभर बोलायला त्यांना तिच्याशिवाय होतं कोण?

जुलैत मीच त्यांना वेलिंग्टनच्या ट्रेनमध्ये बसवून दिलं. एका वाचनालयात फुकट व्याख्यान होतं, मध्ययुगीन फ्रान्समधल्या ज्यूंच्या शब्दसंग्रहांवर. विषयाशी मला काही देणंघेणं नव्हतं, दोन तास घराबाहेर पडतील एवढाच हिशेब. संध्याकाळी परतल्या आणि चपलासुद्धा न काढता दारातच सुरू झाल्या.

"स्वानंदी, तेराव्या शतकात ही माणसं काय करायची ठाऊक आहे? धर्मग्रंथातला अवघड हिब्रू शब्द घ्यायचा आणि त्याचा अर्थ फ्रेंचमध्ये द्यायचा. पण लिहायचा हिब्रू अक्षरांत."

"का पण?"

"घरात, बाजारात फ्रेंचच बोलायची ना. शेजारच्या ख्रिश्चनांचीच भाषा. ग्रंथ समजावायचा तर ज्या भाषेत समजतो त्याच भाषेत नको? आणि उलटंही बरं का. चर्चमधले काही विद्वान हिब्रूचा अर्थ विचारायला ज्यूंकडे जायचे. एरवी एकमेकांशी धड नव्हतं, तरी जायचे. मी पाच प्रश्न विचारले. हे वापरायचं कोण, मास्तर की मुलं? नक्की सांगता येत नाही म्हणाल्या व्याख्यानाच्या बाई." मग खुर्चीत बसल्या आणि आवाज उतरला. "पडद्यावर एक पान दाखवलं त्यांनी. मला ओवीचं पुस्तक दिसलं गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फोनवर काढलेला त्या पानाचा फोटो घेऊन ओवीचं दार वाजवलं. मी पॅसेजमध्ये उभी राहून निर्लज्जपणे ऐकत होते. सासूबाईंनी कुठला शब्द हिब्रू, कुठला फ्रेंच, सगळं समजावलं. ओवीने फोटो मोठा करून पाहिला. चौकसपणा आजीचाच आलाय तिच्यात.

"व्हॉट हॅपन्ड टू देम?"

"तेराशे सहा साली राजाने सगळ्यांना देशाबाहेर काढलं. घरंदारं सोडून जावं लागलं."

"अँड द बुक्स?"

"पुष्कळ गेली. काही तर आधीच जाळली होती. हे राहिलं."

"सो नोबडी रब्ड धिस वन आउट?"

"नाही गं. सातशे वर्षांत कुणी नाही."

"यू आर माय आजी," ओवी म्हणाली, "अँड यू डिड."

सासूबाई पलंगाच्या कडेवर बसल्या. म्हणाल्या, "हो. मी पुसलं. तू शिकत होतीस आणि मला ते कळलं नाही. चुकलं माझं, ओवी."

ओवीने पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि पेन्सिल पुढे केली. "यू राइट इट बॅक. ऑल फॉर्टी पेजेस. आय विल टेल यू."

सासूबाईंनी चष्मा लावला आणि पहिलं पान उघडलं.