बाबांचा अंगठा

थांबा, हे आत्ताच सांगायचंय, नाहीतर डोकं फुटेल माझं! आमची मनी आज बाबांच्या अंगठ्याला कडकडून चावली. बाबा ओरडले, "माजलीय ही! पोत्यात घालून मच्छी मार्केटला सोडून येतो."

अहो, ती एवढीशी होती तेव्हा चादरीखाली पायाचा अंगठा हलवून "पकड, पकड" कोण करायचं? तेव्हा चावली की कौतुक, आणि आता दात मोठे झाले तर माज? खेळ संपला हे तिला सांगितलं कुणी? आपणच शिकवायचं, आपणच हाकलायचं!

पोतं मी लपवलंय. दोरीला जुना मोजा बांधलाय, यापुढे तिने त्याचीच शिकार करायची.

आणि आत्ता बघते तर बाबा पट्टी बांधलेला तोच अंगठा चादरीखाली हलवतायत! तुमच्याकडेही असंच चालतं का हो?