बाबांनी पाण्यात बुडवलेला वडा

आता कोणत्या तोंडाने सांगू? हसाल तुम्ही. पण त्या दुपारी अमेरिकेत, बॉथेलच्या आमच्या घरामागच्या लाकडी डेकवर माझी पाचावर धारण बसली होती, हे आधीच कबूल करतो.

२००५ ची गोष्ट. बाबांचं वर्षश्राद्ध. आई पुण्याहून आलेली. तिने डेकच्या कठड्याशी कागदी प्लेटमध्ये कावळ्याचं पान वाढलं. भात, खीर, उडदाचे वडे, शेजारी वाटीभर पाणी. मागे सीडरच्या उंच झाडांचं रान, त्यात धुकं भरलेलं. आणि कावळे? होते की. कुंपणावर ओळीने बसून नुसते आमच्याकडे बघत होते. एकही उतरेना, एकही ओरडेना. अन् कावळा शिवल्याशिवाय आई कुणाला जेवू देईना.

"ह्यांचं काहीतरी राहिलंय," ती हळूच म्हणाली. "शब्द दे काहीतरी."

मी शब्द देत सुटलो. रोज संध्या करीन, पोट कमी करीन. कावळे ढिम्म. शेवटी भुकेपोटी बोलून गेलो, "बाबा, नोकरी सोडून पुण्याला परत येतो."

मीनल, म्हणजे आमची बायको, पांढरीफटक पडली. ग्रीन कार्ड अगदी तोंडाशी आलं होतं हो.

तेवढ्यात सगळे कावळे एकदम उडाले. कठड्याखालून एक हात वर आला. लहानसा, काळा, पाच बोटांचा. त्याने चाचपडून वडा उचलला, वाटीतल्या पाण्यात बुडवला, सावकाश चोळला आणि खाली नेला.

आता ऐका. बाबांना दात नव्हते. वडा ते पाण्यात भिजवूनच खायचे.

"हेच आले," म्हणत आईने हात जोडले.

"अरे, रॅकून असेल यार," मीनल कुजबुजली.

रॅकून, म्हणजे डोळ्यांवर काळी पट्टी असलेला, खाणं पाण्यात चोळणारा इकडचा रानप्राणी, हा माझा विषय. वर्षभर दुर्बीण लावून रानातले रॅकून बघितलेले, ऑफिसात त्यावर लेक्चरं झोडलेली. "रॅकून दिवसा बाहेर पडत नाहीत," मी निकाल दिला.

म्हणजे बाबाच. हात पुन्हा आला. मी साष्टांग नमस्कार घातला. "बाबा, उद्याच राजीनामा देतो."

डोकं वर केलं, तर कठड्याच्या गजांतून काळ्या पट्टीतले दोन डोळे माझ्याकडे रोखलेले. मागे तीन पिल्लं. पोरांची भूक भागवायला रॅकूनची आई दिवसाही बाहेर पडते, एवढंच तेवढं माझ्या अभ्यासातून राहिलं होतं.

"आई, रॅकून निघाला गं," मी घाम पुसत म्हणालो. "पण परत यायचा शब्द तर देऊन बसलो."

"परत ये असं हे कधी म्हणाले होते?" पान शिवलं कुणीतरी, एवढं पुरे मानून आई शांतपणे आमची पानं वाढू लागली. "ते म्हणायचे, तिकडेच राहू दे त्याला. आला की मलाच शिकवत बसतो."