काळीज नसलेली काकी

थोरल्या काकीला रडताना कुणी पाहिलं नव्हतं, आणि आमच्या वाडीने तिला त्याची कधी माफी दिली नाही.

गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता, तेव्हाची गोष्ट. माझे बाबा आणि थोरले काका एकाच मचव्यावर होते. मचवा विजयदुर्गापुढे वादळात फुटला. कुणीच परत आलं नाही. निरोप आला तेव्हा काकी अंगणात बांगडे खारवत होती. आई जागीच कोसळली. काकीने हात धुतले, आईला आत नेऊन निजवलं, आणि परत येऊन उरलेल्या मासळीला मीठ लावायला बसली.

"पोर नाय झाला, म्हणान काळीजव नाय," शेजारची म्हातारी सगळ्यांदेखत म्हणाली.

काकीने मान वर केली नाही. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "सांजेक ही मासळी कुसतली. मगे ह्या चेडवाक काय घालू?"

आई त्या दिवशी निजली, ती पुढे कधी धड उठलीच नाही. बायका तिच्या उशाशी बसत, काकीच्या हातचा चहा पीत आणि काकीलाच दगड म्हणत. पाणी, पेज, आईचं औषध, माझी वेणी, सगळं काकीवर. एखादीला झेपतं असं एकदा ठरलं, की आणखी किती झेपेल तेच लोक बघत राहतात.

मी एकदा विचारलं, "काकी, तुका रडाक येणा नाय?"

"येता गो. तुझी आवस रडता, तिका सांभाळूक मी आसंय. माका कोण आसा?" असं म्हणून ती हसली. वेणी मात्र फार घट्ट घातली.

पुढे तिच्या पोटात दुखू लागलं. भिंतीला टेकून उभी राहायची. कळ ओसरली की पुन्हा पाट्यावर. मालवणहून डॉक्टर आले, ते आईची धडधड बघायला. मी काकीचं नाव काढलं, तर आई अंथरुणातूनच म्हणाली, "तिका काय होणा नाय. ती घट आसा." काकीने डॉक्टरांपुढे चहा ठेवला. त्याच पावसाळ्यात ती गेली.

आईने टाहो फोडला. साऱ्या बायका तिच्याकडे धावल्या. काकीला न्हाऊ घालायला मी एकटी उरले. चोळी काढली, तर दोन्ही दंडांवर दातांच्या खुणा. तिच्याच दातांच्या. जुन्या पांढऱ्या पडलेल्या. काही अजून ओल्या.

बाहेरून हाक आली, "बाय, आधी हंय ये! तुझ्या आयशीक घेरी इली."

मी आतून कडी घातली आणि तिच्या दंडावर हळूहळू कोमट पाणी सोडत राहिले.